संशोधनाचा एवढा पसारा एका विद्यापीठाने सांभाळावा का?

अक्षरवेल
मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. संशोधकांना लागणारी नियतकालिकं, डेटाबेस, हस्तलिखितांच्या प्रती आमच्याकडूनच जातात, त्यामुळे कोण कशात गुंतलंय ते आपोआप कळतं. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवरचे निबंध एकाला हवे असतात, स्थलांतरित मजुरांच्या मुलांच्या शाळागळतीवरचं साहित्य दुसरीला, आणि तिसरा तीनशे वर्षांपूर्वीच्या पत्रव्यवहारात बुडालेला असतो. मला हे सगळं फार आवडतं.

सध्या आमच्याकडे पुढच्या संशोधन आराखड्याची चर्चा चालू आहे. मसुदा असा: भर वैद्यकावर, सामाजिक शास्त्रांतले 'उपयोगी' विषय तेवढे ठेवायचे आणि मानव्यविद्येत रिकामी झालेली संशोधनपदं भरायची नाहीत. यावर ग्रंथालयाचं मत मागितलं आहे. माझा कल उघड आहे, पण 'विविधता चांगली असते' एवढं लिहून कुणी ऐकणार नाही. या शाखा एकत्र असल्याने संशोधनाला खरोखर काही मिळतं का, की त्या नुसत्या एका आवारात शेजारी म्हणून राहतात? ठोस उदाहरणं द्या. विरोधी मतंही हवीत, कारण बैठकीत तीच समोर येणार आहेत.

डॉ_निशिगंध
वैद्यकाच्या बाजूने सुरुवात करतो. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवर १९६७ मध्ये व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. सुमारे १८,००० पुरुष, सगळे पगारदार, कुणाची उपासमार नाही, उपचार सर्वांना मोफत. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. बरं, फरक फक्त दोन टोकांत नव्हता. हुद्द्याची प्रत्येक पायरी उतरताना धोका वाढत गेला होता. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही त्यातला मोठा भाग शिल्लक राहिला.

मग १९८५ मध्ये दुसरी फेरी सुरू झाली, त्यात स्त्रियाही घेतल्या. आपल्या कामावर आपला ताबा किती, वरिष्ठांचा आधार किती, हेही विचारलं गेलं. रक्तदाब मोजायला मला कुणाची मदत लागत नाही. 'कामावरचा ताबा' मोजायचा कसा, हे मात्र मला वैद्यकीय महाविद्यालयात कुणी शिकवलं नव्हतं. ती प्रश्नावली समाजशास्त्र आणि मानसशास्त्रातून आली.

हे काही नवं नाही. १८४८ मध्ये तेव्हाच्या प्रशियातल्या अप्पर सायलेशियात टायफस या तापाची साथ आली तेव्हा रुडॉल्फ फिर्खोला पाहणीला पाठवलं होतं. पेशींचं रोगशास्त्र पुढे ज्याच्या नावावर जमा झालं, तो हा माणूस. त्याने अहवालात औषधांपेक्षा शिक्षण, स्वशासन आणि करांची फेररचना यांवर जास्त लिहिलं.

ताळेबंद
अक्षरवेल, तुम्ही विरोधी मत मागितलंत म्हणून सविस्तर लिहितो. मी विद्यापीठांच्या हिशेबाचं काम पाहतो.

पहिला मुद्दा. एखाद्या विषयात नाव व्हायचं तर त्यात चार-पाच चांगली माणसं लागतात, त्यांच्या हाताखाली विद्यार्थी लागतात आणि सलग बरीच वर्षं पैसा लागतो. तीस विषयांत प्रत्येकी एक माणूस ठेवला की तो माणूस शिकवण्यात आणि परीक्षांत संपतो. त्याला संशोधन म्हणायचं ते फक्त वार्षिक अहवालात.

दुसरा मुद्दा. डॉक्टरांना समाजशास्त्रज्ञ हवा असेल तर तो त्याच आवारात कशाला हवा? दुसऱ्या देशातल्या माणसाबरोबर निबंध लिहिणं आज अगदी सोपं झालं आहे. प्रत्येक विद्यापीठाने सगळं करायचं, यात पुनरावृत्तीच जास्त होते.

तिसरा मुद्दा म्हणजे, इथे येणारी उदाहरणं यशस्वीच असणार. ज्या संयुक्त प्रकल्पांतून काहीच निघालं नाही त्यांची यादी कुणी देणार नाही.

कडेकपारी
तिसऱ्या मुद्द्याला +१. बाकी वाचतोय, धागा छान रंगणार.

रानवाटा
ताळेबंद, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला उत्तर देते. सहकार्य दुरूनही होतं, मान्य. पण कुठला माणूस हवा आहे हेच आधी माहीत नसेल तर ईमेल कुणाला करणार?

पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमधला कुरू हा आजार घ्या. तोल जातो, कंप सुटतो आणि साधारण वर्षभरात माणूस जातो. बळी पडत होत्या मुख्यतः बायका आणि मुलं. घराघरांत आढळतो म्हणून आजार आनुवंशिक असावा असं आधी वाटलं. पण इतका मारक आनुवंशिक आजार इतक्या मोठ्या प्रमाणात टिकेल कसा, हे कोडं सुटेना. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे राहिले. त्यांनी नातेसंबंध टिपले, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टिपल्या. त्यातून दिसलं की हा आजार लोकांच्या आठवणीच्या टप्प्यातलाच आहे, त्यांच्या पिढ्यान्पिढ्यांचा नाही. मृत आप्ताचं शरीर खाण्याचा अंत्यविधीही तिथे फार जुना नव्हता आणि त्यात मुख्यतः बायका-मुलंच सहभागी होत. तिकडे प्रयोगशाळेत कार्लटन गायडुसेक यांच्या गटाने १९६६ मध्ये चिंपांझींमध्ये हा आजार संक्रमित होतो हे दाखवलं. १९७६ चं नोबेल प्रयोगशाळेला मिळालं. पण आजार पसरला कसा, आणि बायका-मुलांनाच का झाला, याचं उत्तर दोन्ही कामं शेजारी ठेवल्यावरच लागलं.

फोरे लोकांच्या वंशावळी लिहून घेताना 'हे वैद्यकाला उपयोगी पडेल' असा रकाना कुणी भरला असता का? तुमच्या मसुद्यातला 'उपयोगी सामाजिक शास्त्रं' हा शब्द मला म्हणूनच खटकतो. उपयोग आधी कळत नाही.

शक्यता
संख्याशास्त्रवाला आहे. रानवाटा यांच्या शेवटच्या वाक्याला माझ्या बाजूचा आधार देतो.

१९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी एक छोटा निबंध लिहिला. विषय असा: विद्यार्थी आणि महाविद्यालयं, किंवा वधू आणि वर, यांच्या जोड्या अशा लावता येतील का, की आपली जोडी सोडून परस्परांकडे जावं असं कुठल्याही दोघांना वाटू नये? शुद्ध गणिताची गंमत. त्याच परंपरेत पुढे वस्तूंच्या अदलाबदलीचा प्रश्न सुटला: पैसे न वापरता प्रत्येकाकडची वस्तू योग्य माणसाकडे कशी पोचवायची.

आता रुग्णालयात या. नवऱ्याला मूत्रपिंड हवंय, बायको द्यायला तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही. दुसऱ्या जोडप्याचीही हीच अडचण. दोघांची अदलाबदल केली तर दोघं वाचतात. अशी शेकडो जोडपी असतील तर कोणाची कोणाशी लावायची, म्हणजे जास्तीत जास्त रुग्णांना अवयव मिळेल आणि मध्येच कुणी माघार घेणार नाही? अ‍ॅल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास ते जुनं गणित इथे आणलं आणि प्रत्यारोपण करणाऱ्या शल्यचिकित्सकांबरोबर बसून अमेरिकेच्या ईशान्य भागात अदलाबदलीची व्यवस्था उभी केली. शस्त्रक्रिया एकाच वेळी का करायच्या, याचंही कारण त्यात आहे. आपल्या माणसाला मूत्रपिंड मिळाल्यावर दाता मागे फिरू शकतो, आणि कायद्याने त्याला भाग पाडता येत नाही. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅपली यांना मिळालं.

१९६२ मध्ये तुमच्या समितीसमोर हा निबंध आला असता तर कुठल्या खान्यात गेला असता?

उमेदवारी
मी पीएचडीची विद्यार्थिनी आहे, इतिहासाची. माझं आवडतं उदाहरण सांगते. इंग्लंडमध्ये दहाव्या शतकातली वैद्यकाची एक हस्तलिखित पोथी आहे. त्यात डोळ्यांच्या संसर्गावर लेप दिलाय: लसूण, त्याच कुळातली आणखी एक वनस्पती, वाइन आणि गायी-बैलाचं पित्त हे एकत्र करून नऊ दिवस ठेवायचं. नॉटिंगहॅम विद्यापीठात जुन्या इंग्रजीच्या अभ्यासक क्रिस्टिना ली आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रेया हॅरिसन यांनी ती कृती जशीच्या तशी करून पाहिली. २०१५ मध्ये निकाल आला. मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे स्टॅफिलोकोकस जिवाणूसुद्धा प्रयोगशाळेत त्या लेपाने मोठ्या प्रमाणात मेले. एकेक घटक सुटा वापरला तर तेवढा परिणाम नाही, सगळे मिळून होतो.

अक्षरवेलताई, हे नक्की लिहा. त्या दोघी एकाच विद्यापीठात होत्या.

डॉ_निशिगंध
उदाहरण सुंदर. लिहिताना एवढी काळजी घ्या: प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणू मरणं आणि रुग्ण बरा होणं यांत फार मोठं अंतर असतं. बैठकीत कुणी डॉक्टर असेल तर तो पहिलं बोट तिथेच ठेवेल.

पुराभिलेख
मला या धाग्याची दिशा अस्वस्थ करते आहे, म्हणून लिहितो. मी जुन्या लिपी आणि भाषा शिकवतो.

कुरू, मूत्रपिंड, डोळ्याचा लेप. प्रत्येक उदाहरणात बाकीच्या शाखा वैद्यकाला मदत करून आपलं अस्तित्व सिद्ध करताहेत. असं समर्थन आज दिलं तर उद्या याच मापाने आपलं काम तोललं जाईल. कुठल्या हस्तलिखितातून औषध निघालं, एवढाच प्रश्न विचारला जाईल. शंभरातल्या नव्व्याण्णव पोथ्यांतून औषध निघणार नाही. त्या तरीही वाचल्या पाहिजेत.

अ‍ॅलिस कोबर यांची गोष्ट सांगतो. ग्रीसच्या क्रीट बेटावर क्नोसॉस इथे १९०० मध्ये मातीच्या पाट्या सापडू लागल्या. त्यांवरची एक लिपी, लिनिअर बी, कुणालाच वाचता येत नव्हती. लिपी अनोळखी आणि भाषाही अनोळखी. कोबर ब्रुकलिन कॉलेजात लॅटिन-ग्रीक शिकवत. शिकवणं संपल्यावर रात्री घरी बसून त्या प्रत्येक चिन्हाची नोंद करत: कुठे येतं, कुणाच्या शेजारी येतं, शब्दाच्या शेवटी किती वेळा येतं. युद्धकाळात कागदाची टंचाई होती, म्हणून मिळेल त्या कागदाचे तुकडे कापून त्यांनी सुमारे १,८०,००० कार्डं केली आणि ती सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवली. पाट्यांवरच्या भाषेत शब्दांना प्रत्यय लागून रूपं बदलतात, हे त्यांनी चिन्हांच्या उच्चारांचा एकही अंदाज न बांधता दाखवून दिलं. १९५० मध्ये त्या गेल्या, वय जेमतेम ४३. १९५२ मध्ये मायकेल व्हेन्ट्रिस यांनी त्या पायावर लिपी सोडवली आणि ती भाषा ग्रीक निघाली. ग्रीक भाषेचा लिखित पुरावा काही शतकांनी मागे गेला.

यातून कुणाचं मूत्रपिंड वाचलं नाही. पाट्यांवर मेंढ्या, लोकर, तेल आणि धान्य यांचे हिशेब होते. पण तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कारभार कसा चालत होता हे आज आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याआधी नव्हतं. माणसाबद्दल नवं कळणं हेच विद्यापीठाचं काम आहे, आणि ते मत मागणाऱ्यांना असंच, बिनदिक्कत सांगा.

कडेकपारी
पुराभिलेख, मनापासून दाद. कार्डांची गोष्ट माहीत नव्हती.

आणि या धाग्यावर आत्तापर्यंत डॉक्टर, मानववंशशास्त्र, संख्याशास्त्र, इतिहास, लिपी आणि हिशेब तपासणारेही जमले. ग्रंथपाल आहेतच. कुलगुरू तेवढे मिळाले की विद्यापीठ इथेच काढू! :)

ताळेबंद
पुराभिलेख यांचा प्रामाणिकपणा आवडला. पण मग गुणवत्तेचा प्रश्न येतोच. उपयोग हे माप नको, तर कुठलं? सामाजिक शास्त्रांबद्दल तर शंका आणखी आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण होते, फेरअभ्यासात फक्त ३६ टक्के. अशा पायावर पैसा लावायचा?

शक्यता
आकडे बरोबर आहेत. आता शेजारचा आकडाही ठेवा. २०१२ मध्ये अ‍ॅमजेन या औषधकंपनीच्या शास्त्रज्ञांनी लिहिलं की कर्करोगावरच्या मूलभूत संशोधनातले ५३ गाजलेले निबंध त्यांनी तपासले आणि दुजोरा मिळाला तो ६ निबंधांना. दोन्ही मोजण्यांची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे शर्यत लावू नका. पण दुखणं एकाच शाखेचं नाही. छोटे नमुने, हवा तो निकाल येईपर्यंत विश्लेषण बदलत राहणं, नकारात्मक निकाल कपाटात जाणं, हे सगळीकडे आहे.

आणि मला मानसशास्त्राबद्दल आदर वाटतो तो इथेच. त्यांनी स्वतःच्या घराची झाडाझडती स्वतः घेतली आणि निकाल जाहीर केला. अभ्यास सुरू करण्यापूर्वीच पद्धत नोंदवून ठेवायची शिस्त वैद्यकीय चाचण्यांत आधी आली, तिथून ती मानसशास्त्राने उचलली. ही देवाणघेवाणही अक्षरवेल यांच्या यादीत जायला हवी.

उमेदवारी
थोडं अवांतर. पद्धती उचलण्यावरून आठवलं. मी वृद्ध कामगारांच्या मुलाखती घेते. माझ्याकडून एथिक्स कमिटीने जो अर्ज भरून घेतला, तो औषधचाचणीसाठी बनवलेला होता. 'सहभागींना होऊ शकणारे दुष्परिणाम आणि त्यांवरील उपचार' असा एक रकाना. नावं गुप्त ठेवा असाही आग्रह. मी ज्यांच्या मुलाखती घेते त्या आजी-आजोबांना मात्र आपलं नाव छापून यायला हवं आहे! आयुष्यभर कुणी विचारलं नाही, आता विचारतंय तर नाव का लपवायचं, असं एका आजींनी मला सरळ विचारलं.

डॉ_निशिगंध
आजींचं म्हणणं पटतं. पण तो अर्ज इतका कडक का झाला तेही पाहा. अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून नुसतं निरीक्षण केलं गेलं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. हे करणारे डॉक्टर होते, आणि माणसांवरच्या प्रयोगांसाठी संमती आवश्यक ठरवणारी न्यूरेंबर्ग संहिता १९४७ पासून जगासमोर होती. संमतीचा कागद त्यानंतर वाढला तो उगाच नाही.

रानवाटा
दोन्ही बरोबर आहे. अमेरिकेच्या संघीय नियमांची सुधारित आवृत्ती २०१९ पासून लागू आहे. तिच्यात मौखिक इतिहास, पत्रकारिता, चरित्रलेखन ही कामं, त्या विशिष्ट व्यक्तींबद्दलच माहिती गोळा केली जात असेल तर, त्या नियमांपुरती 'संशोधन' या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. म्हणजे कुणाला विचारू नका असं नाही. इतिहासकारांचे स्वतःचे नियम आहेतच: बोलणाऱ्याला टेप ऐकू द्यायची, कुठे आणि कशी ठेवायची हे त्याने ठरवायचं, नाव हवं की नको हेही त्यानेच. उमेदवारी, हा आधार देऊन वेगळा अर्ज मागून पाहा. समितीवर इतिहासाचा एक माणूस असता तर ही वेळ आली नसती, आणि हाही विस्तार राखण्याच्याच बाजूचा मुद्दा झाला.

अक्षरवेल
सर्वांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ताळेबंद, मापाबद्दल मी ग्रंथपाल म्हणून बोलू शकते. आमच्या मसुद्यात विभागांची तुलना इम्पॅक्ट फॅक्टरवर केली आहे. तो मुळात नियतकालिकाचा आकडा. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले, एवढंच तो सांगतो. वैद्यकात दोन वर्षांत विषय पुढे जातो. इतिहासात मुख्य काम पुस्तकात येतं, त्याची परीक्षणं यायलाच दोन वर्षं लागतात आणि उल्लेख पुढे दशकानुदशकं होत राहतात. हे माप लावलं की मानव्यविद्या हरणारच, काम कितीही उत्तम असो. एकेका संशोधकाला या आकड्यावर जोखू नये, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे. ब्रिटनच्या २०२१ च्या राष्ट्रीय मूल्यमापनात ३४ विषयगट होते, ते चार मोठ्या मंडळांत वाटलेले. वैद्यकाचं काम वैद्यकवाल्यांनी वाचलं, मानव्यविद्येचं त्यातल्या जाणकारांनी. महागडी पद्धत आहे आणि तिच्यावरही टीका होते, पण निदान काम वाचलं जातं.

पुराभिलेख, तुमचं पत्र मी जवळजवळ तसंच टिपणात घेणार आहे, आणि सर्वांत वर.

शक्यता
ग्रंथालयाचं टिपण आहे तर आणखी एक उदाहरण घ्याच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला. जर्मन सैन्याची नाकेबंदी, गोठलेले कालवे. अधिकृत शिधा दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांचा पुढे आयुष्यभर पाठपुरावा झाला. गर्भारपणाच्या सुरुवातीला ज्यांच्या आयांची उपासमार झाली, त्यांच्यात मोठेपणी हृदयविकार जास्त आढळला. त्यांचं जन्माच्या वेळचं वजन तर नेहमीसारखं होतं.

हे शक्य कशामुळे झालं? शिध्याचे आठवड्याआठवड्याचे आकडे आणि प्रसूतिगृहाच्या नोंदी कुणीतरी दशकानुदशकं जपल्या, आणि जुनी दप्तरं वाचता येणारी माणसं होती म्हणून. दुष्काळ कधी सुरू झाला, कधी संपला, कुठल्या भागात किती तीव्र होता, हे इतिहासाचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं चुकली तर माझं सगळं विश्लेषण चुकतं.

ताळेबंद
हे उदाहरण बैठकीत चालेल. मी समितीवर असतो तर काय मान्य केलं असतं ते सांगतो.

तीस विषयांत एकेक माणूस, याला माझा विरोध कायम आहे. पण मानव्यविद्येतली पदं गोठवून वाचणारी रक्कम वैद्यकाच्या एखाद्या मोठ्या उपकरणापुढे किती असते हे आकड्यांत मांडा. बहुतेक विद्यापीठांत ती लहान असते, कारण तिथला खर्च म्हणजे पगार, पुस्तकं आणि प्रवास. तो तक्ता दोन रकान्यांचा करा, लांबवू नका. तुमच्या बाजूचा सगळ्यात मजबूत कागद तोच ठरेल. दुसरं, 'सगळं राखा' असं मागू नका. कुठले तीन-चार विषय तुमच्याकडे खोलवर आहेत, कुठला संग्रह दुसरीकडे नाही, हे ग्रंथालयाइतकं कुणाला माहीत नसतं. ती नावं द्या.

पुराभिलेख
या सूचनेला माझा पाठिंबा. भर एवढीच की एखाद्या लिपीचा शेवटचा जाणकार निवृत्त झाला आणि पद गोठलं, तर पाच वर्षांनी पैसा आला तरी माणूस मिळत नाही. विद्यार्थी तयार व्हायला दहा वर्षं जातात. उपकरण पुन्हा विकत घेता येतं. अशी पदं कुठली, ती यादी वेगळी काढा.

अक्षरवेल
दोन्ही करते. हिशेब विभागाकडे तक्त्यासाठी आजच आकडे मागितले. संग्रहांची यादी माझ्याकडे आहेच. तीन हस्तलिखित संग्रह असे आहेत की त्यांच्या लिपीचा जाणकार आमच्याकडे एकच आहे, आणि तो निवृत्तीला आलाय.

रानवाटा
एक व्यवहाराची गोष्ट राहिली. संयुक्त प्रकल्पांसाठी छोटा निधी मागणार असाल तर श्रेय कसं वाटायचं ते सुरुवातीलाच लिहून घ्या. वैद्यकाच्या निबंधावर वीस नावं असतात आणि शेवटचं नाव प्रमुखाचं. इतिहासात एकटं नाव असतं. आमच्या एका प्रकल्पात वर्षभर गावात राहिलेल्या मुलीचं नाव यादीच्या मध्यावर कुठेतरी गेलं आणि बढतीच्या वेळी तिच्या विभागाने ते मोजलंच नाही. ती पुन्हा कुठल्याच डॉक्टरांबरोबर काम करायला तयार झाली नाही.

डॉ_निशिगंध
हे अगदी खरं आहे आणि आमच्या बाजूने ते बहुतेक वेळा लक्षातही येत नाही. अक्षरवेल, मी आमच्या विभागात वापरतो तो करारनाम्याचा नमुना तुम्हाला निरोपातून पाठवतो. कुणी काय केलं ते त्यात नावानिशी नोंदवलं जातं. फिल्डवर्क आणि दप्तरवाचन यांचे रकाने त्यात नाहीत, ते रानवाटा आणि पुराभिलेख यांनी घालून द्यावेत.